विसार कोणी दिला? मराठी मंडळ्यांच्या पाळकांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, उपदेशक बंधू आणि भगिनींनो,



मी हिंजवडीत नोकरी करणारी एक मराठी ख्रिस्ती बाई. ईश्वरविज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. आजोबांच्या शेजारी बसून पवित्र शास्त्र ऐकलं, शब्बाथशाळेत वचनं पाठ केली, आणि गेली चौदा वर्षं आयटी पार्कच्या आसपासच्या घरांत भरणाऱ्या प्रार्थनासभांना जाते आहे. मला जे सांगायचं आहे ते एका मंडळीपुरतं नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याचा पहिला रविवार होता. मारुंजीच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये आम्ही पंधरा-सोळाजण जमलो होतो, बहुतेक तिशीच्या आतले. सोफा भिंतीला सरकवून सतरंजी अंथरली होती. प्रभुभोजनाचं ताट हातोहात फिरत होतं. त्यात भाकरीचे तुकडे होते आणि बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे प्याले, त्यांत द्राक्षरस. माझ्या शेजारच्या मुलीकडे ताट आलं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि काही न उचलता माझ्याकडे सरकवलं. तिचे हात कापत होते आणि प्याल्यांतला रस हिंदकळत होता.

नंतर स्वयंपाकघरात चहाचे कप विसळताना ती म्हणाली, "ताई, माझं तारण गेलंय."

ती बुलढाणा जिल्ह्यातली. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. इथे एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायची. सहा महिने रात्रपाळी, मग प्रोजेक्ट बंद, मग दोन महिने कामाविना बेंचवर, आणि शेवटी राजीनामा लिहून द्या असं सांगण्यात आलं. त्या दिवसांत रविवारची उपासना चुकू लागली. प्रार्थनेला बसली तरी शब्द येईनात. अशात एका मेळाव्यात उपदेशकांनी इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय काढला आणि सांगितलं की एकदा प्रकाश मिळालेला माणूस थंड पडला तर त्याला परतीची वाट नाही. "त्या दिवसापासून देव माझं ऐकत नाही असं वाटतं," ती म्हणाली. "आणि असं वाटतं म्हणजे ऐकत नसेलच ना?"

त्या उपदेशकांचं नाव मी विचारलं नाही आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तिचा तो शेवटचा प्रश्न मला सोडत नाही. तारण असणं आणि तारणाची खात्री वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या व्यासपीठांवरून त्या एकच असल्यासारख्या शिकवल्या जातात. मग ज्याच्या मनातली खात्री हलते तो आपलं तारणही गेलं असं धरून चालतो, आणि जिथे आधार मिळायचा त्याच ताटापासून हात मागे घेतो.

हिंजवडीत ही गफलत फार लवकर रुजते. मराठीत 'तारण' हा शब्द दोन ठिकाणी राहतो, मंडळीत आणि बँकेत. आमच्या कानावर बँकेतलाच जास्त पडतो. इथल्या कितीतरी तरुण जोडप्यांचा फ्लॅट बँकेकडे तारण आहे. हप्ते वेळेवर गेले तर घर आपलं, तीन हप्ते थकले की नोटीस, आणि पुढे जप्तीची भीती. दिवसभर ऑफिसातही हाच नियम असतो. दरवर्षी मूल्यमापन होतं, रेटिंग ठरतं, आणि खालच्या रेटिंगवाल्याला सुधारण्यासाठी मुदत मिळते. अशा आयुष्यातून माणूस रविवारी तुमच्यासमोर येऊन बसतो. कोणी न सांगताच तो देवाघरचा हिशेब याच रीतीने मांडतो. उपासना हा हप्ता, दशमांश हा हप्ता, उपास हा हप्ता, पहाटेची प्रार्थना हा हप्ता. त्यात आपण व्यासपीठावरून थकबाकीची नोटीस वाचली तर तो ती लगेच खरी मानतो, कारण नोटिशीची भाषा त्याला रोज ऐकायची सवय आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईचं उदाहरण मी पुढे ठेवते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. या सगळ्या काळात त्या ख्रिस्ती होत्या, शास्त्र वाचत होत्या, विधवा मुलींसाठी जिवाचं रान करत होत्या. तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी काही न लपवता नोंदवलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, खुद्द ख्रिस्त मात्र अजून सापडलेला नाही. त्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम दीक्षा घेतलेले पाळक होते, वर्षानुवर्षं उपदेश करत होते, आणि स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करता करता त्यांचं अंतःकरण पालटलं. ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं.

त्या आठ वर्षांत त्यांचं तारण झालं होतं की नव्हतं, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मला दिसतं ते इतकंच की त्या काळात देवाने त्यांना टाकलं नव्हतं, आणि त्यांच्या भोवतालच्या माणसांनीही टाकलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी रमाबाईंचा सिद्धांतांवरून कडक वाद झाला. तो त्यांच्या पत्रव्यवहारात आजही वाचायला मिळतो. तरी नातं तुटलं नाही. शंका विचारणाऱ्या त्या बाईनेच पुढे केडगावला वसवलेल्या संस्थेला 'मुक्ती' नाव दिलं, दुष्काळातल्या शेकडो मुलींना तिथे आसरा दिला, आणि हिब्रू-ग्रीक शिकून उतारवयापर्यंत बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. तिला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कोणी सांगितलं असतं की तुझं नाव पुसलं गेलं आहे, तर?

दुसरं नाव नहेम्या गोरे यांचं. नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते दीक्षित पाळक झाले, षड्दर्शनांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला. १८९५ मध्ये वारले. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं ते ख्रिस्ती होते, आणि त्यातली बरीच वर्षं शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांनी त्या लपवल्या नाहीत. याच गोऱ्यांच्या लिखाणामुळे रमाबाई बाप्तिस्म्याच्या निर्णयाला आल्या, असं रमाबाईंनीच सांगितलं आहे. ज्याच्या स्वतःच्या मनाला स्वस्थता नव्हती त्याच्या हातून देवाने दुसरीला दार उघडून दिलं. आपल्या तरुणांना हे गोरे माहीत नाहीत. ते माहीत असते तर स्वयंपाकघरात कप विसळणाऱ्या त्या मुलीला आपण या घरात एकटीच अशी आहोत असं वाटलं नसतं.

तारण कायम राहतं की जाऊ शकतं, हा मंडळीतला फार जुना वाद आहे, आणि तो मी या पत्रात मिटवणार नाही. १६१० मध्ये हॉलंडमधल्या आर्मिनियसच्या अनुयायांनी आपले पाच मुद्दे मांडले. विश्वासणारा शेवटपर्यंत टिकेलच का, हा पाचवा मुद्दा त्यांनी त्या वेळी तरी उघडा ठेवला आणि शास्त्रातून आणखी तपासायला हवा असं म्हटलं. १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या परिषदेने कॅल्विनच्या परंपरेतून उत्तर दिलं की देव आपल्या माणसांना शेवटपर्यंत राखतो. पण हे सांगताना त्याच परिषदेने मान्य केलं की देवाची माणसं मोठ्या पापात पडू शकतात आणि काही काळ कृपेची जाणीवही गमावून बसू शकतात. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनात टिकून राहण्यासाठी एक अध्याय आहे आणि खात्रीसाठी त्याच्यापुढचा वेगळा अध्याय. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी फार वाट पाहावी लागू शकते, असं तो दुसरा अध्याय सांगतो.

आता मेथडिस्टांच्या जॉन वेस्लींकडे पाहा. त्यांच्या मते विश्वासणारा कृपेतून ढळू शकतो. पण खात्रीबद्दल त्यांच्याइतकं आवर्जून क्वचितच कोणी बोललं असेल. पाळकाची दीक्षा घेऊन दहा वर्षं होत आली तरी ती खात्री त्यांना नव्हती. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या सभेत ती मिळाली. म्हणजे तारण कधीच जात नाही म्हणणारे सांगतात की खात्री हरवू शकते, आणि तारण जाऊ शकतं म्हणणारे सांगतात की खात्री जरूर मागा. दोन्ही बाजूंच्या थोरांनी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. कॅथलिक परंपरेत १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेने आपण शेवटपर्यंत टिकू असं पक्कं गृहीत धरण्याविरुद्ध इशारा दिला. पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथलिकांनी मिळून सही केलेल्या निवेदनात खात्रीवर स्वतंत्र भाग आहे. माणसाने स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून घाबरावं, पण देवाच्या वचनावर विसंबावं, यावर दोघांचं एकमत झालं.

आपल्याकडे तर हे वादी-प्रतिवादी एकाच छपराखाली राहतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन आले, स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांचे वारस आले, बाप्तिस्त आले, ब्रिटिश मेथडिस्टही आले. कॅल्विनची लेकरं आणि वेस्लींची लेकरं गेली पन्नासहून अधिक वर्षं एकाच ताटातून प्रभुभोजन घेत आहेत. मग हिंजवडीच्या एका फ्लॅटमध्ये एखाद्या मुलीने त्या ताटाला हात लावायला का भ्यावं? पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात स्वतःची परीक्षा करायला सांगितलं आहे ते खरं. पण परीक्षा करून उठून जा, असं तो म्हणत नाही. परीक्षा करावी आणि मग खावं, असं त्याचं सांगणं आहे.

इब्री लोकांस पत्राबद्दल एक विनंती. सहाव्या अध्यायातली चौथ्यापासून आठव्यापर्यंतची वचनं भयंकर आहेत, आणि ती वगळावीत असं मी म्हणणार नाही. ती ज्यांना लिहिली ते छळाला कंटाळून ख्रिस्तालाच सोडून देण्याच्या काठावर आले होते. कामाच्या पाळीमुळे ज्याची उपासना चुकली किंवा दुःखामुळे ज्याचे शब्द आटले, त्याच्यावर ती वचनं उचलू नका. आणि वाचायला घेतलीत तर आठव्या वचनावर थांबू नका. नवव्यात लेखक लगेच आवाज खाली आणतो, वाचकांना प्रियजन म्हणतो आणि तुमच्याविषयी आमची याहून चांगली खात्री आहे असं सांगतो. तोच अध्याय संपताना आशेला जिवाचा नांगर म्हणतो. त्या मेळाव्यात नांगरापर्यंत वाचलं गेलं नाही. ती मुलगी वादळ घेऊन घरी गेली.

याच्या उलट टोकाची चूकही मी जवळून पाहिली आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात नवरा बायकोवर हात उचलायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, अमुक साली सभेत हात वर केला, प्रार्थना म्हटली, माझं तारण तेव्हाच झालं, ते आता कोण काढून घेणार? त्याला ही खात्री कोणीतरी फार स्वस्तात दिली होती. त्या घरात बायको मारही खात होती आणि नवऱ्याचं तारण पक्कं असल्याचंही ऐकत होती. मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभू, प्रभू म्हणणाऱ्यांविषयी येशू काय म्हणतो, ते त्या माणसाला कोणी वाचून दाखवलं नाही. इशाऱ्याची वचनं त्याच्यासाठी होती, आणि वाचली गेली ती भेदरलेल्या मुलीपुढे. कोणतं औषध कोणाला द्यायचं हे पाळकाचंच काम आहे, आणि त्यासाठी कळपातली माणसं नावानिशी ओळखावी लागतात.

या दोघांनाही पुरेल असा एक शब्द आपल्या मराठी शास्त्रातच आहे. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात, चौदाव्या वचनात, पवित्र आत्म्याला 'विसार' म्हटलं आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रातही तो शब्द दोनदा येतो. मुळातला ग्रीक शब्द अर्राबोन, सौदागरांच्या व्यवहारातला. हिंजवडीत फ्लॅट घेणारे आता 'टोकन' म्हणतात, पण ज्यांनी गावाकडे जमीन विकली आहे त्यांना विसार समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या वडिलांनी गावाकडची अर्धा एकर विकली तेव्हा मी दहावीत होते. घेणाऱ्याने ओसरीवर बसून विसार दिला, कागदावर रक्कम लिहिली, सही केली. बाकीचे पैसे दिवाळीनंतर द्यायचे ठरले. दिवाळी गेली, माणूस येईना. आईची झोप उडाली. ती रोज रात्री विचारायची, येईल ना तो? वडील उठायचे, पत्र्याच्या पेटीतून विसारपावती काढायचे, कंदिलाजवळ धरून तिला वाचून दाखवायचे आणि परत घडी घालून ठेवायचे. "तुला काय वाटतं त्याने हा कागद बदलत नाही," ते म्हणायचे. "विसार त्याने दिलाय. आता काळजी त्याला." आईची भीती खरी होती, कागदही खरा होता, आणि भीतीमुळे कागदावरचं एक अक्षरही पुसलं गेलं नाही. मार्गशीर्षात तो माणूस आला.

त्याच महिन्यांत दुसरा एकजण जास्त भाव घेऊन आला होता. वडिलांनी त्याला बांधावरही उभं केलं नाही. विसार घेतलेली जमीन दुसऱ्याला दाखवायची नसते, एवढंच ते म्हणाले.

मला तारणाची शाश्वती यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येत नाही. विसार आपण दिलेला नाही, देवाने दिलेला आहे. व्यवहार पुरा करण्याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली आहे. आपल्याला रात्री झोप लागली की नाही, यावर ती अवलंबून नाही. घाबरलेल्या मुलीला पावती काढून दाखवा. आणि बायकोवर हात उचलणाऱ्याला सांगा की विसार खरंच घेतला असशील तर ही जमीन आता तुझी राहिलेली नाही, तिच्यात वाटेल ते पेरायचा हक्क तुला नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. वर्षातून एकदा तरी तारण आणि तारणाची खात्री या विषयावर सलग चार-पाच रविवार बोला. योहानाच्या दहाव्या अध्यायातलं आश्वासन आणि इब्री लोकांस पत्रातला इशारा एकाच मालिकेत येऊ द्या, म्हणजे लोकांना निवडलेला तुकडा मिळणार नाही. रमाबाई आणि गोरे यांच्या साक्षी मंडळीत वाचायला लावा. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्था आपल्याच शहरात आहेत. तिथल्या अध्यापकांना रविवारी आमच्या सतरंजीवर बोलवा. आणि उपासना संपल्यावर दारात उभं राहून हस्तांदोलन करताना कोण दिसत नाही ते लक्षात ठेवा, आणि जो चार रविवार दिसला नाही त्याला फोन करा. गैरहजेरीचा जाब विचारू नका. पाळी कोणती चालू आहे, जेवतोस का, झोप लागते का, इतकंच विचारा.

पेत्राने तीनदा नाकारण्याआधीच येशूने त्याला सांगितलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. लूकच्या बाविसाव्या अध्यायात ते आहे. प्रार्थना आधी झाली, पडणं नंतर. त्या रात्री कोंबडा आरवल्यावर पेत्राला काय वाटत होतं, ते आपल्याला माहीत आहे. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. त्या घटकेला त्याच्याजवळ खात्री कणभरही नसेल. त्याच्यासाठी केलेली प्रार्थना मात्र तशीच उभी होती.

त्या मुलीला अजून नोकरी मिळालेली नाही. वाकडला दोन मैत्रिणींबरोबर राहते, सकाळी मुलाखतींची तयारी करते, रविवारी येते आणि मागे भिंतीशी बसते. विसारपावतीची गोष्ट मी तिला सांगितली. ती ऐकून घेऊन गप्प राहिली. पुढच्या महिन्यात ताट पुन्हा तिच्यापर्यंत आलं. तिने माझ्या कानाशी म्हटलं, "ताई, अजून काहीच वाटत नाही," आणि भाकरीचा तुकडा उचलला.

तुमच्या कळपातलीच एक,
हिंजवडी, पुणे